उत्तरेकडच्या भाषा: गोत्र आणि शेजार

१६५८ च्या हिवाळ्यात डेन्मार्कच्या बेटांमधला समुद्र गोठला आणि स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव आपले सैन्य बर्फावरून चालवत कोपनहेगनच्या दिशेने निघाला. फेब्रुवारी संपायच्या आत रोस्किल्डे इथे तह झाला आणि स्कोने, ब्लेकिंगे व हालांड हे सामुद्रधुनीपलीकडचे प्रांत डेन्मार्कने कायमचे गमावले. तोवर स्कोनेमधला शेतकरी जे बोलत होता ती डॅनिशचीच पूर्वेकडची बोली होती. तहानंतर तिथल्या चर्चमध्ये स्वीडिश बायबल आली, स्वीडनमध्ये शिकलेले पाद्री आले. हा नवा मुलूख स्वीडनशी एकजीव व्हावा म्हणून काही वर्षांतच लुंड इथे विद्यापीठ उभे राहिले. दोन-तीन पिढ्यांत लिहिण्या-वाचण्याची भाषा पुरती स्वीडिश झाली. आज स्कोनेमधल्या माल्मो शहरातले बोलणे स्वीडिशची दक्षिणी बोली म्हणून मोजले जाते. तहाच्या दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याच्या तोंडचा एकही शब्द बदललेला नव्हता, फक्त त्या शब्दांना कोणत्या भाषेचे म्हणायचे ते बदलले होते. पुढच्या साडेतीनशे वर्षांत मात्र शब्दही बदलले, व्याकरणही सरकले आणि बोली खरोखरच स्टॉकहोमच्या जवळ गेली. राजाने आखलेली सीमा आधी कागदावर आली आणि मग हळूहळू लोकांच्या जिभेवर उतरली.

स्कँडिनेव्हियातल्या भाषांच्या नात्याबद्दल दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले उत्तर असे, की या सगळ्या एका आईच्या लेकी आहेत आणि कोण कोणाला किती जवळची हे वंशावळ पाहून सांगता येते. दुसरे उत्तर नेमके उलट आहे: ही मुळात एकच भाषा, राज्यांनी तिचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळे नाव दिले. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. वंशावळ खरी आहे, पण ती भाषा कुठून आल्या एवढेच सांगते. आज कोणाला कोणाचे कळते, हे शेजार ठरवतो, राज्यकारभार ठरवतो, धर्मग्रंथ कोणत्या भाषेत छापला गेला यावर ठरते, आणि शेवटी लोक एकमेकांचे ऐकायची तसदी घेतात की नाही यावर ठरते. भाषांचे नाते जन्माने मिळते, पण ते राखावे किंवा गमवावे लागते. उत्तर युरोपात ही गोष्ट जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच कुठे दिसत असेल, कारण इथल्या भाषांचा इतिहास शिलालेखांपासून आजच्या शाळांपर्यंत जवळजवळ अखंड हाती आहे.

आधी कुटुंबाची ओळख करून घ्यावी लागेल. स्वीडिश सुमारे एक कोटी लोकांची भाषा, डॅनिश आणि नॉर्वेजियन प्रत्येकी साधारण अर्धा कोटीहून थोड्या अधिक लोकांच्या. आइसलँडिक बोलणारे साडेतीन लाखांच्या आसपास आणि फेरो बेटांवरची फेरोईज बोलणारे साधारण सत्तर हजार. सगळे मिळून संख्या मुंबई महानगर प्रदेशाच्या लोकवस्तीएवढी भरते. फिनलंड याच शेजारातला देश, पण फिनिश या कुटुंबातली नाही. ती आणि उत्तरेकडच्या सामी लोकांच्या भाषा अगदी वेगळ्या, उरालिक कुळातल्या. फिनलंडमध्ये स्वीडिश ही दुसरी राजभाषा आहे, कारण १८०९ पर्यंत तो देश स्वीडनचा भाग होता. शेकडो वर्षे एका राज्यात काढूनही फिनिश स्वीडिशची बहीण झाली नाही. ही गोष्ट आत्ताच लक्षात ठेवायला हवी, कारण शेजाराची ताकद मोठी असली तरी ती अमर्याद नसते.

‘मी पुस्तक वाचतो’ एवढे साधे वाक्य या भाषांतून फिरवून पाहिले तर सगळा पट समोर येतो. स्वीडिश माणूस म्हणेल, ‘याग लेसर एन बूक’. ओस्लोचा नॉर्वेजियन म्हणेल, ‘याय लेसर एन बूक’. कोपनहेगनचा डॅनिश माणूस म्हणेल, ‘याय लेसा एन बॉव’. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, तिथल्या दुसऱ्या लेखी प्रमाणभाषेत, हेच ‘एग लेस एइ बूक’ होते, आणि आइसलँडमध्ये ‘येग लेस बोउक’. पहिल्या तिघांचे एकमेकांशी उघडच जमते. पण ‘मी’साठी पश्चिम नॉर्वेतला ‘एग’ आइसलँडच्या ‘येग’च्या बाजूला उभा आहे, तर ओस्लोचा ‘याय’ डेन्मार्कच्या बाजूला. म्हणजे एकाच देशात ‘मी’ दोन दिशांना तोंड करून आहे. स्वीडिश आणि डॅनिशमध्ये क्रियापद माणसागणिक बदलत नाही, मी, तू, ते सगळ्यांना एकच रूप चालते. आइसलँडिकमध्ये मात्र ‘येग लेस’, ‘थू लेस्त’, ‘विथ लेसुम’ अशी रूपे चालवावी लागतात. मराठी माणसाला हे ओळखीचे वाटेल. लिंगांचेही तसेच: आइसलँडिकने मराठीसारखी तिन्ही लिंगे सांभाळली, प्रमाण डॅनिश आणि स्वीडिशने पुल्लिंग-स्त्रीलिंग एकत्र करून दोनच ठेवली. त्यातही नॉर्वे मधोमध आहे, कारण तिथल्या बहुतेक बोलींत तिन्ही लिंगे अजून जिवंत आहेत.

या साम्यांमागे एक समान पूर्वज आहे, हे ज्यांनी पद्धतशीरपणे दाखवले त्यांत डॅनिश पंडित रास्मुस रास्क अग्रभागी होते. प्राचीन नॉर्डिक भाषेच्या उगमावरचा त्यांचा प्रबंध १८१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्द योगायोगाने सारखे दिसू शकतात किंवा उसने घेतलेले असू शकतात. खरे नाते ध्वनींच्या नियमित जुळणीत आणि व्याकरणाच्या घडणीत शोधायचे, हा त्यांचा आग्रह आजही भाषाशास्त्राचा पाया आहे. भाषांच्या याच शोधात रास्क रशिया आणि इराणमार्गे १८२० मध्ये मुंबईला पोचले. इथल्या पारशी समाजाच्या सहवासात त्यांनी अवेस्ताचा अभ्यास केला आणि जमवलेली मौल्यवान हस्तलिखिते १८२३ मध्ये कोपनहेगनला नेली. त्यांची कसोटी उत्तरेकडच्या भाषांना लावली की उत्तर ठाम मिळते. ‘दगड’ आइसलँडिकमध्ये ‘स्टेइद्न’ आणि पश्चिम नॉर्वेत ‘स्टेइन’, पण स्वीडिश व डॅनिशमध्ये ‘स्टेन’. ‘डोळा’ पश्चिमेकडे जोडस्वराचा, पूर्वेकडे साध्या स्वराचा. ‘रस्ता’ स्वीडिशमध्ये ‘गाता’, पण डॅनिशमध्ये मधला कठोर त मऊ होत होत द च्याही पलीकडे गेलेला. असे फरक एखाद्या शब्दापुरते नसतात, शब्दांच्या रांगाच्या रांगा त्याच वळणाने जातात. आणि सगळ्या प्रमाणभाषांना बांधणारी एक खूणही आहे: इंग्रजी किंवा जर्मन जे ‘ते’ दर्शवणारे उपपद नामाच्या आधी ठेवते, ते इथे नामाच्या शेपटीला चिकटते. ‘हूस’ म्हणजे घर, ‘हूसेत’ म्हणजे ते घर.

म्हणून वंशावळ अशी मांडली जाते: इ. स. ४०० च्या सुमारास या सगळ्या प्रदेशात जवळपास एकच भाषा होती. जटलंडमध्ये गालेहुस इथे सापडलेल्या सोन्याच्या शिंगावर ते घडवणाऱ्याने आपले नाव त्याच भाषेत, रूनी लिपीत कोरले होते. ते शिंग १८०२ मध्ये चोरीला गेले आणि वितळवले गेले, पण लेखाच्या नकला आधीच झालेल्या असल्याने मजकूर वाचला. पुढे वायकिंगांच्या काळात तिच्या दोन शाखा दिसू लागल्या. पश्चिम शाखेत नॉर्वे आणि तिथून वसलेले आइसलँड व फेरो, पूर्व शाखेत डेन्मार्क आणि स्वीडन. तरीही बाराव्या-तेराव्या शतकातला आइसलँडचा लेखक आपल्या भाषेला ‘डॅनिश जीभ’ म्हणे, कारण फरक असूनही ही सगळी एकच भाषा आहे अशी त्याची भावना होती. या वंशावळीप्रमाणे नॉर्वेजियन आणि आइसलँडिक या सख्ख्या बहिणी, तर स्वीडिश आणि डॅनिश त्यांच्या चुलत बहिणी ठरतात. आजचे वास्तव मात्र वेगळे आहे. ओस्लोच्या माणसाला स्वीडिश बातम्या सहज कळतात, डॅनिश वर्तमानपत्र तो जवळजवळ स्वतःच्या भाषेसारखे वाचतो, आणि सख्ख्या म्हणवणाऱ्या आइसलँडिकचे चार शब्द ओळखीचे वाटले तरी वाक्य हाती लागत नाही. वंशावळ चुकलेली नाही. तिच्यावर सात शतकांचा शेजार चढला आहे.

हा शेजार कसा चढला, ते नॉर्वेच्या इतिहासात दिसते. १३४९ मध्ये प्लेग आला आणि नॉर्वेची भयंकर मनुष्यहानी झाली, त्यात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या वर्गाची फळीच मोडली. १३९७ च्या कालमार संघामुळे तिन्ही देशांचे मुकुट एका राजघराण्याखाली आले. १५२३ मध्ये स्वीडन त्यातून फुटून निघाले, नॉर्वे मात्र १८१४ पर्यंत डेन्मार्कसोबत राहिले. धर्मसुधारणेच्या काळात स्वीडनने १५४१ मध्ये आणि डेन्मार्कने १५५० मध्ये आपापली संपूर्ण बायबल छापली. नॉर्वेला आपल्या भाषेतली बायबल मिळालीच नाही, तिथल्या चर्चमध्ये डॅनिश बायबल वाचली जाऊ लागली. हळूहळू कचेरी, न्यायालय, शाळा, छापखाना सगळीकडे डॅनिश बसली. शहरातले शिकलेले नॉर्वेजियन ती डॅनिश आपल्या स्वरांत, जशी लिहिली तशी उच्चारू लागले आणि त्यातून एक तिसरेच बोलणे तयार झाले: शब्द बहुतांशी डॅनिश, नाद बहुतांशी स्वीडनशी जुळणारा. त्याच सुमारास आणखी एक शेजारी सगळ्यांच्या घरात शिरला होता. हान्सा व्यापारी संघाचे जर्मन बर्गेन, विस्बी, स्टॉकहोम अशा बंदरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. स्टॉकहोमच्या नगरपरिषदेत १४७१ पर्यंत निम्म्या जागांपर्यंत जर्मनांचा हक्क होता. त्यांच्या लो जर्मन भाषेतून व्यापार, कारागिरी आणि नगरजीवनाचे असंख्य शब्द आले. ‘पैसे देणे’, ‘होणे’ यांसारखी रोजची क्रियापदे आली, नामे घडवणारे प्रत्यय आले, इतकेच काय, डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये ‘भाषा’ या अर्थाचा शब्दही तिथूनच आला. व्याकरणातल्या विभक्ती झिजून जाण्यातही या बाजारपेठेतल्या सरमिसळीचा हात असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तिन्ही भाषांनी एकाच घरून उसनवारी केली, म्हणून त्या एकमेकींच्या आणखी जवळ आल्या आणि आइसलँडपासून दुरावल्या.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सत्ता आणि शेजारच सगळे ठरवत असतील तर आइसलँडही शतकानुशतके कोपनहेगनच्या राज्यात होते, मग तिथली भाषा डॅनिशमध्ये का विरघळली नाही? खुद्द रास्क यांनीच १८१३ मध्ये भीती व्यक्त केली होती, की शंभर वर्षांत रेक्याविकमध्ये आइसलँडिक कळणारे माणूस क्वचितच उरेल. तसे झाले नाही. त्याचे उत्तर अटलांटिकमधल्या तीन बेटसमूहांची तुलना केली की मिळते. आइसलँड, फेरो आणि शेटलंड या तिन्ही ठिकाणी वायकिंग काळात मुख्यतः नॉर्वेतून गेलेल्यांचीच भाषा रुजली, म्हणजे जन्माने तिघींची सुरुवात सारखीच. शेटलंड आणि ऑर्कनी ही बेटे १४६८-६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडकडे गहाण टाकली आणि ती परत सुटली नाहीत. तिथली नॉर्न भाषा स्कॉट्स भाषेच्या दडपणाखाली अठराव्या शतकाच्या आसपास संपत गेली. फेरो बेटांवर चर्चची आणि कारभाराची भाषा डॅनिश झाली, पण घरात, बोटीवर आणि साखळी धरून नाचताना गायच्या लांबलचक पोवाड्यांत फेरोईज टिकली. तिला आजचे लेखी रूप १८४६ मध्ये हामर्सहाइम्ब यांनी दिले आणि १९४८ च्या स्वशासन कायद्याने ती मुख्य भाषा झाली. आइसलँडमध्ये मात्र सगळे वेगळेच होते. तिथे बाराव्या शतकापासून लेखनाची भक्कम परंपरा होती, शेतकऱ्यांच्या घरांत सागांची, म्हणजे जुन्या गद्यकथांची, हस्तलिखिते नकलून वाचली जात होती. ‘नवा करार’ १५४० मध्येच आइसलँडिकमध्ये छापला गेला आणि पूर्ण बायबल १५८४ मध्ये. एकच मूळ असलेल्या तीन भाषा तीन वेगळ्या वाटांनी गेल्या, आणि फरक पडला तो शेजारी कोण होता आणि वाचायचे पुस्तक कोणत्या भाषेत होते, यामुळे.

त्याचबरोबर आइसलँडिक जशीच्या तशी गोठून राहिली, हाही गैरसमज दूर करायला हवा. आजचा विद्यार्थी तेराव्या शतकातल्या सागा थोड्या मदतीने वाचू शकतो हे खरे, पण उच्चार पुष्कळ बदललेले आहेत. लेखनपद्धतीने जुने रूप धरून ठेवले, म्हणून बदल डोळ्यांना दिसत नाही. फेरोईजचे लेखनही मुद्दाम व्युत्पत्तीला धरून बेतलेले आहे, त्यामुळे आइसलँडच्या वाचकाला ती कागदावर कळते आणि कानाला कळत नाही. जवळीक कुठे मोजायची, डोळ्यांनी की कानांनी, हा प्रश्न इथे उभा राहतो, आणि त्याचा मोठा दाखला डॅनिशमध्ये आहे.

छापील डॅनिश आणि नॉर्वेजियनची ओस्लोतली बोकमोल ही लेखी भाषा यांत फरक इतका थोडा आहे, की अनेक वाक्ये एखाद-दुसऱ्या अक्षराने वेगळी पडतात. पण डॅनिश उच्चार गेल्या काही शतकांत झपाट्याने सरकले. शब्दामधली व्यंजने मऊ होत स्वरांत मिसळली, शेवटची अक्षरे गिळली गेली, आणि नॉर्वेजियन-स्वीडिश जिथे सुरांच्या चढ-उताराने शब्द वेगळे करतात तिथे डॅनिशमध्ये घशात क्षणभर आवाज अडवण्याची लकब आली. ‘पुस्तक’ लिहिताना शेवटी ग आहे, बोलताना ‘बॉव’ उरते. म्हणून स्वीडिश माणसाला डॅनिश वाचता येते आणि ऐकताना अडखळायला होते. अंकांनी अडचण आणखी वाढवली. स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये पन्नासला ‘पाच दहा’ अशा घडणीचा सरळ शब्द आहे, डॅनिशमध्ये मात्र ‘अर्धा तिसरा गुणिले वीस’, म्हणजे अडीच विसा. विसांत मोजायची रीत ज्यांना माहीत आहे आणि ‘अडीच’ हा शब्दच मुळात ‘अर्धतृतीय’वरून आला हे ज्यांना माहीत आहे, त्या मराठी वाचकाला ही घडण स्टॉकहोमच्या माणसापेक्षा लवकर उमगेल. डॅनिश माणूस पंचविसालाही आपल्यासारखेच ‘पाच आणि वीस’ म्हणतो. नॉर्वेमध्येही तसेच म्हणत, पण दूरध्वनीवर आकडे सांगताना घोटाळे होतात या कारणाने १९५१ मध्ये तिथल्या संसदेने ‘वीस-पाच’ असा क्रम अधिकृत केला. त्या ठरावाने नॉर्वेजियन आकडे स्वीडिशच्या जवळ गेले आणि डॅनिशपासून दूर. जुने लोक आणि कित्येक तरुणही अजून जुन्याच क्रमाने बोलतात, पण शाळेतला आणि आकाशवाणीवरचा आकडा बदलला.

नॉर्वे हा सगळ्या युक्तिवादाचा कळीचा दाखला आहे, कारण तिथे भाषेचे नाते कोणाशी जोडायचे हा प्रश्न लोकांनी उघडपणे, मतदानाने आणि शंभर वर्षांच्या वादातून हाताळला. १८१४ मध्ये डेन्मार्कपासून सुटका झाली, स्वतःची राज्यघटना आली, पण लेखी भाषा डॅनिशच होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या शेतकरी घरात जन्मलेल्या ईवार ओसेन यांनी १८४२ पासून काही वर्षे देशभर हिंडून गावोगावच्या बोली टिपल्या, १८४८ मध्ये व्याकरण आणि १८५० मध्ये कोश प्रसिद्ध केला. बोलींच्या मुळाशी असलेली जुनी नॉर्वेजियन शोधून त्यांनी नवी लेखी भाषा उभी केली. क्नुद क्नुदसेन या शिक्षकाने दुसरी वाट सुचवली: आहे ती डॅनिश शहरी नॉर्वेजियन उच्चाराप्रमाणे थोडी थोडी बदलत न्यावी. १८७८ मध्ये संसदेने ठरवले, की शाळेत मुलांना शक्यतो त्यांच्या स्वतःच्या बोलीत शिकवावे, आणि १८८५ मध्ये दोन्ही लेखी भाषांना समान दर्जा दिला. आज ओसेनच्या वाटेला नीनोर्स्क आणि क्नुदसेनच्या वाटेला बोकमोल म्हणतात. विसाव्या शतकात दोन्ही एकत्र आणण्याचा सरकारी प्रयत्न झाला. १९३८ च्या सुधारणेने तो टोकाला नेला, पन्नासच्या दशकात पालकांनी त्याविरुद्ध चळवळ केली, आणि २००२ मध्ये ते धोरण अधिकृतपणे सोडून देण्यात आले. नीनोर्स्क शिकणारी मुले आज अल्पसंख्य आहेत, पण त्याच भाषेत लिहिणाऱ्या युन फोसे यांना २०२३ चे नोबेल मिळाले. बोलण्याला अधिकृत प्रमाण उच्चार नाही, संसदेत आणि दूरचित्रवाणीवर माणसे आपापल्या बोलीत बोलतात. वेगवेगळे नाद ऐकायची ही रोजची सवय असल्यामुळे स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या तिघांत नॉर्वेजियन माणूस शेजाऱ्यांची भाषा सगळ्यांत चांगली समजतो, असे अभ्यासकांचे मत आहे.

यावर दुसरा आक्षेप असा घेतला जाईल: इतके कळते तर तिघांना एकच भाषा का म्हणू नये? त्यामागे इतिहास खोडून एकच सोयीची व्याख्या लावण्याची घाई आहे. कळणे ही हो-नाही अशी गोष्ट नाही. माल्मोच्या माणसाला डॅनिश जितके कळते तितके स्टॉकहोमच्याला कळत नाही. नॉर्वेच्या दऱ्यांतल्या काही बोली ओस्लोच्या माणसाला शेजारच्या स्वीडिशपेक्षा कठीण जातात. आणि स्वीडनमधल्या एल्व्दालेन गावाची बोली, जी दोन-तीन हजार लोक बोलतात आणि जिने पुरातन विभक्ती व नासिक्य स्वर सांभाळले आहेत, ती बाकीच्या स्वीडिश लोकांना अजिबात कळत नाही. तरी राज्याच्या दफ्तरी ती भाषा नाही, बोली आहे. कळण्याची कसोटी प्रामाणिकपणे लावली तर नकाशा आजच्या नावांशी जुळणार नाही. पण म्हणून नावे खोटी ठरत नाहीत. प्रत्येक नावामागे शब्दकोश आहे, शाळा आहे, साहित्य आहे, आणि आपण या भाषेचे आहोत असे मानणारी लाखो माणसे आहेत. नॉर्वेजियन-अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आइनार हाउगेन यांनी या देशांमधल्या संवादाला अर्धसंवाद म्हटले: प्रत्येकाने आपल्या भाषेत बोलायचे आणि समोरच्याने आपल्या कानाने ते समजून घ्यायचे. ‘द ब्रिज’ या २०११ च्या मालिकेत स्वीडिश तपास अधिकारी स्वीडिश बोलते, तिचा डॅनिश सहकारी डॅनिश बोलतो, आणि काम चालते. दोन्ही देशांतल्या प्रेक्षकांसाठी मात्र उपशीर्षके लागतात.

जवळीक जाणीवपूर्वक वाढवता येते, याचेही पुरावे इथेच आहेत. १८६९ मध्ये स्टॉकहोमला तिन्ही देशांच्या लेखक-अभ्यासकांची शुद्धलेखन परिषद भरली, नाटककार हेन्रिक इब्सेन तिथे हजर होते. जर्मन पद्धतीची, नामांना मोठे अक्षर देणारी लिखावट सोडावी आणि ‘ओ’ स्वरासाठी स्वीडिशमधले डोक्यावर वर्तुळ असलेले अक्षर सगळ्यांनी घ्यावे, अशा शिफारशी झाल्या. नॉर्वेने ते अक्षर १९१७ मध्ये घेतले. डेन्मार्कने या दोन्ही गोष्टी १९४८ मध्ये केल्या, जर्मन ताब्यातून सुटल्यावर तीनच वर्षांनी. १९८१ मध्ये नॉर्डिक देशांनी करार केला आणि तो १९८७ पासून लागू झाला. एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशातल्या कचेरीत आपल्या भाषेत व्यवहार करता यावा, हा त्याचा हेतू. शाळांच्या अभ्यासक्रमांत शेजारच्या भाषांचा परिचय आहे. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या नॉर्डिक पाहणीने काळजीची गोष्ट पुढे आणली. तरुणांना शेजाऱ्यांची भाषा त्यांच्या आईवडिलांपेक्षा कमी कळत होती, आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजी जास्त कळत होती. सगळ्यांत उजवे ठरले फेरो बेटांचे तरुण, कारण त्यांना शाळेत डॅनिश नेटाने शिकावी लागते आणि कान दोन भाषांना सरावलेला असतो.

कोणी म्हणेल, इंग्रजीने काम होत असेल तर जुन्या अर्धसंवादाचा हट्ट कशाला? सोयीच्या दृष्टीने हा प्रश्न योग्य आहे. पण कोपनहेगनचा तरुण आणि स्टॉकहोमचा तरुण इंग्रजीत बोलतात तेव्हा दोघेही आपली भाषा बाजूला ठेवतात. आपापल्या भाषेत बोलतात तेव्हा दोघांच्याही भाषा शाबूत राहतात आणि दोघांचेही कान रुंदावतात. त्यासाठी थोडे हळू बोलावे लागते, अनोळखी शब्द टाळावा लागतो, पुन्हा विचारायची लाज सोडावी लागते. गेल्या हजार वर्षांत या भाषा एकमेकींच्या जवळ आल्या त्या अशाच, बंदरात, शेतात, चर्चमध्ये, शाळेत रोज कानावर पडत राहिल्यामुळे. स्कोने स्वीडिश झाले ते रोजच्या वाचना-ऐकण्याने, आणि नॉर्न मेली ती रोजच्या ऐकण्यातून हद्दपार झाल्याने. एका आईच्या लेकी असणे एवढ्यावर भाषांची समजूत टिकत नाही, हा या इतिहासाचा स्पष्ट निष्कर्ष आहे. म्हणून उत्तरेकडच्या शाळांतला शेजारभाषेचा तास अभ्यासक्रमात शोभेपुरता न ठेवता खरोखर भरवला जाईल की नाही, यावर पुढच्या पिढीत या भाषा एकमेकींच्या किती जवळ राहतील ते ठरणार आहे. ती जवळीक टिकवणे आजही त्या लोकांच्या हातात आहे.